‘रिसीव्ह’ची वेलांटी

मानवतमध्ये दुसऱ्याची चूक काढायला कुणी पैसे घेत नाही. आडतीवरच्या कापसाच्या भावापासून कीर्तनातल्या अभंगाच्या चालीपर्यंत सगळ्यातली चूक दाखवणारे लोक इथं मुबलक आहेत, आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या विनामूल्य चालत आलेलं आहे. त्यामुळे माझा भाचा दिवसा घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो आणि रात्री जेवण झालं की जगभरच्या प्रोग्रामरांच्या स्पेलिंगच्या चुका दुरुस्त करत बसतो, तेही फुकट, हे कळल्यावर गल्लीत कुणाच्या भुवया वर गेल्या नाहीत. नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ते लोक त्याचे आभार मानतात म्हणे.

अक्काने, म्हणजे त्याच्या आईने, पहिल्यांदा चौकशी केली ती खोलीच्या दारात उभं राहून.

“काय करायलास रे इतक्या रात्री?”

“कॉमेंट दुरुस्त करायलोय.”

कॉमेंट म्हणजे फेसबुकावरची, असं समजून अक्का घाबरली. नगरपालिकेच्या निवडणुकीचं वारं होतं आणि तिच्या माहेरचे दोन्ही बाजूंना उभे होते. “कुणाला काय लिहिलास?” इथून सुरुवात झाली. मग भाच्याने समजावलं की प्रोग्राम लिहिताना मधे मधे माणसांसाठी टिपा लिहून ठेवतात, त्यांना कॉमेंट म्हणतात. तिरपी रेघ, चांदणी, टीप, पुन्हा चांदणी आणि तिरपी रेघ. संगणक त्या वाचत नाही. प्रोग्रामचं भाषांतर करणारा जो कंपायलर असतो तो ही खूण दिसली की सरळ कानाडोळा करून पुढे जातो. टीप शुद्ध असो, अशुद्ध असो, शेवटी यंत्र जे करायचं तेच करतं.

“मशीन वाचत नाही, गिऱ्हाईक वाचत नाही. मग वाचतं कोण?”

“पुढचा प्रोग्रामर.”

“आन् त्याला कळत नाही का, काय म्हणायचंय ते?”

“कळतं की.”

“मग?”

इथं भाचा अडकला. अक्का दूध तापवायला गेली. मी मात्र पलंगावर उठून बसलो, कारण हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेलेला आहे. आमचा छापखाना. आधी ट्रेडल आणि खिळे होते, मग डीटीपी आणि ऑफसेट आले, आता निम्मं काम फ्लेक्सचं. स्टिकमध्ये जुळवलेला मजकूर आरशात पाहिल्यासारखा उलटा असतो आणि आमचे जुने कंपोझिटर तो सुलट्यासारखा धडाधड वाचत. त्या पिढीत वाढलेल्या माणसाला अशुद्ध शब्द दिसला की दातात धागा अडकल्यासारखं होतं. भाच्याकडे हा दोष माझ्याकडूनच गेलेला आहे. बापाकडून त्याला फक्त शेती आली.

तर तो ज्या चुका काढतो त्या लिनक्स नावाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यातल्या, ज्याला कर्नल म्हणतात. लायनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेलं हे काम आता तीन कोटींहून जास्त ओळींचं झालं आहे. आपल्या खिशातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात हाच कर्नल असतो. त्यातही भाच्याला ओढ नेटवर्किंगच्या भागाची. म्हणजे मोबाइलवर आपण कापसाचा भाव बघतो तेव्हा माहितीचे तुकडे पाठवणं, आलेले घेणं, हरवलेले पुन्हा मागवणं, ही उठाठेव करणाऱ्या फाइलींची. त्यातल्या टीसीपीच्या मुख्य फाइलीच्या डोक्यावर जुन्या दुरुस्त्यांची एक लांबलचक यादी कॉमेंट म्हणून अजून आहे. डावीकडे माणसाचं नाव, मधे विसर्गासारखे दोन ठिपके, उजवीकडे त्याने काय नीट केलं ते. ॲलन कॉक्स हे नाव त्यात इतक्या वेळा येतं की खाली खाली जाता माणूस ‘वरीलप्रमाणे’ शोधू लागतो.

या नेटवर्कवाल्यांची एक गंमत आहे. त्यांना जन्मभर दोनच कामं: पाठवणं आणि घेणं. पाठवण्याचा ‘सेंड’ सोपा, चार अक्षरांचा, चुकायला जागा नाही. घेण्याचा ‘रिसीव्ह’ मात्र इंग्रजी शाळेत मार खाल्लेल्या प्रत्येकाला आठवेल असा. सीच्या नंतर आधी ई की आधी आय? आपल्याकडे जशी पहिली आणि दुसरी वेलांटी, तसं त्यांचं हे. रोज शंभरदा लिहायचा शब्द नेमका तोच. त्यामुळे आय आधी आणि ई मागून असे कितीतरी ‘रिसीव्ह’ त्या फाइलींमध्ये वर्षानुवर्षं सुखाने नांदत होते. नेटवर्कवाले ‘पाठवणं’ला टीएक्स आणि ‘घेणं’ला आरएक्स म्हणतात. माझं मत असं की स्पेलिंग टाळण्यासाठीच. भाचा म्हणतो, “मामा, काहीही. तारायंत्र आणि रेडिओच्या काळापासून आहे ते.” असेल. तारमास्तरांनाही स्पेलिंग येत नसणार.

चुका शोधायला तो भिंग घेऊन बसत नाही. कर्नलच्या सोबतच एक फाइल येते, तिचं नावच स्पेलिंग. डेबियन मंडळींच्या लिंटियन नावाच्या अवजारातून ती मूळची उचललेली. तिच्यात प्रत्येक ओळीवर डावीकडे चुकीचा शब्द, मधे दोन उभे दंड आणि उजवीकडे बरोबर शब्द. पाहून मी थक्क झालो. आपण बरोबर शब्दांचे कोश करतो. अरुण फडक्यांचं ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ माझ्या टेबलाच्या खणात कायम असतं. यास्मिन शेख बाईंचा शब्दलेखनकोश गिऱ्हाइकाशी वाद झाला की मी पुरावा म्हणून काढतो. पण चुकांचा कोश? लोक कुठं कुठं आणि कसे कसे चुकले याची वर्णानुक्रमे नोंद, तीही त्याच लोकांनी स्वतः ठेवलेली? आमच्याकडे असं रजिस्टर ठेवलं तर पहिल्याच आठवड्यात मानहानीचा दावा होईल.

कॉलिन इयन किंग नावाचे एक इंग्रज अभियंते त्यात वर्षानुवर्षं भर घालत आले आहेत. संगणकाचा पार घाम काढणारं ‘स्ट्रेस-एनजी’ नावाचं अवजार त्यांनीच लिहिलं, म्हणजे माणूस रिकामटेकडा नव्हे. तरी त्यांच्या नावावर ‘अमुक शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त केलं’ अशा नोंदींची भलीमोठी रांग आहे. असा एखादा माणूस आपल्या मराठी साहित्य महामंडळाला मिळाला असता तर! महामंडळाने शुद्धलेखनाचे १४ नियम केले, सरकारने ते १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी ४ आले, झाले १८. नियम झाले आणि अंमलबजावणी दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडे गेली. ‘शुभविवाह’ला दीर्घ शू काढणारे पेंटर आमच्या गावात अजून आहेत. त्यांचं म्हणणं, मंगल कार्यात काही ऱ्हस्व नको.

एका अक्षराची दुरुस्ती पाठवायची कशी, हे मी शेजारी बसून पाहिलं. त्याला पॅच म्हणतात. मला ती सरळ लग्नपत्रिका वाटली. वर विषयाची एक ओळ, त्यात कोणत्या घराण्याकडे जायचं त्याचा उल्लेख: तातडीचा बिघाड असेल तर ‘नेट’, बाकी सगळं ‘नेट-नेक्स्ट’. मग दोन ओळी प्रास्ताविक. मग मुख्य कार्य: वजा चिन्ह लावून जुनी ओळ, अधिक चिन्ह लावून नवी ओळ, आजूबाजूला तीन-तीन ओळी ओळखीच्या म्हणून उभ्या. त्याआधी नावं. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ म्हणजे प्रेषक. ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणजे ज्यांनी वाचून पाहिलं ते आप्तेष्ट. ‘ॲक्ड-बाय’ म्हणजे ज्यांनी मान डोलावली ते व्यवस्थापक. शेवटी घेणाऱ्या कारभाऱ्याची सही. ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ एवढंच काय ते नव्हतं. ही सहीची पद्धत २००४ मध्ये आली. त्याच्या आदल्या वर्षी एससीओ नावाच्या कंपनीने लिनक्समध्ये आमचा माल घुसला म्हणून आयबीएमवर दावा ठोकला होता, तेव्हापासून कोणती ओळ कुणी आणली याची नोंद हवी झाली. दावा झाल्यावरच कागद नीट ठेवायचे, ही रीत सातासमुद्रापार तीच आहे.

पत्रिका छापणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. मजकुरातली चूक कुणी बघत नाही. ‘चि. सौ. कां.’मधल्या ‘कां’वरचा अनुस्वार गेला तरी लग्न लागतं. पण धाकट्या चुलत्याचं नाव थोरल्याच्या वर गेलं तर गठ्ठा परत येतो. तिकडेही तसंच निघालं. दुरुस्तीवर कुणी भांडत नाही, नावांच्या ओळी मात्र रांगेत आणि रीतसर लागतात.

नेटवर्कवाल्यांनी आपल्या पाहुण्यांसाठी नियमांचं एक पान लिहून ठेवलं आहे. ते भाच्याने मला मराठीतून सांगितलं, आणि कोणत्याही कचेरीच्या भिंतीवर लावावं इतकं ते कडक आहे. नवी आवृत्ती निघाली की पुढचे दोन आठवडे नेट-नेक्स्टचं दार बंद, नवं काही घेणार नाही. पाठवलेला पॅच सुधारून पुन्हा पाठवायचा तर २४ तास थांबा. फंक्शनच्या सुरुवातीच्या घोषणा लांब ओळ आधी आणि आखूड ओळ नंतर अशा उतरत्या लावा, याला ते उलटं ख्रिसमसचं झाड म्हणतात. आणि मुख्य म्हणजे, ‘नुसती साफसफाई’ म्हणून काही पाठवू नका. मोकळ्या जागा नीट करणं, घोषणांचा क्रम लावणं, असल्या कामांनी आमचा व्यापच जास्त वाढतो. हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी एक वाक्य येतं. शुद्धलेखनाच्या आणि व्याकरणाच्या दुरुस्त्यांना मात्र नाउमेद केलं जात नाही.

या वाक्यावर मी फिदा आहे. ‘स्वागत आहे’ म्हटलेलं नाही. ‘पाठवा’ म्हटलेलं नाही. ‘नको म्हणत नाही’ एवढंच. आमच्या घरी थोरल्या चुलत्यांकडून कशाचीही परवानगी याच शब्दांत मिळायची, आणि आम्ही ती पुरेशी मानून सर्कशीला जायचो.

पूर्वी अशा किरकोळ दुरुस्त्या गोळा करायला त्यांच्यात वेगळा माणूसच होता. पदाचं नाव ‘ट्रिव्हियल पॅच मंकी’, म्हणजे क्षुल्लक पॅचांचं माकड. हे पद ज्याने सुरू करून स्वतःकडे घेतलं तो रस्टी रसेल कुणी शिकाऊ नव्हता. जगभरच्या सर्व्हरांवर नको त्या पॅकेटांना दारातच अडवणारी आयपीटेबल्सची व्यवस्था त्याची. एवढ्या माणसाने आपल्या पदाला माकड म्हणवून घ्यावं! आमच्याकडे वाचनालयाच्या उपसमितीच्या सहसचिवाला ‘मा.’ लावायचं राहिलं म्हणून मी पाचशे पत्रकं पुन्हा छापली आहेत.

अक्काच्या ‘मग?’चं उत्तर त्या माकडाच्या नियमांतच सापडलं. स्वीकारायच्या क्षुल्लक दुरुस्त्यांच्या यादीत इतर गोष्टींबरोबर या दोन होत्या. एक, दस्तऐवजातली स्पेलिंगं. दुसरी, ज्या चुकीमुळे ‘ग्रेप’ फसेल अशी स्पेलिंगं. ग्रेप म्हणजे फाइलींमध्ये शब्द शोधून देणारी आज्ञा. कोट्यवधी ओळींत ‘रिसीव्ह’ कुठं कुठं आहे असं विचारलं की ती बरोबर लिहिलेले सगळे आणून देते आणि चुकीचे लिहिलेले तिथंच ठेवते. जी टीप सापडायला हवी ती सापडत नाही. संगणक कॉमेंट वाचत नाही हे खरं, पण माणसाला ती हवी झाली की शोधायला पुन्हा संगणकच लागतो, आणि त्याला वेलांटीची चूक माफ करता येत नाही.

हे मी अक्काला सांगायच्या आत ओट्यावर बसलेल्या शेजारच्या आबांना समजलं. आबा कॉलेजात गेलेले नाहीत, पण ग्रेप फसणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. त्यांच्या वडिलांचं नाव जमिनीच्या कागदांत तीन तऱ्हांनी आहे. यात दोष एकट्या कुणाचा नाही. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, दप्तर उर्दूत. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, वाचणाऱ्याने आपल्या समजुतीने घालून घ्यायचे. मग १९५४-५५ च्या खासरा पाहणीत नावं नव्याने उतरली. मोडी वळणाचा हात असलेल्या माणसाला ऱ्हस्वदीर्घाचं सोयरसुतक नव्हतं, कारण मोडीत ते पाळतच नसत. पुढे सातबारा संगणकावर चढला तेव्हा टाइप करणाऱ्याने समोर दिसलं ते टाइप केलं. आता संकेतस्थळावर नावाने शोधलं की एका गटात वडील सापडतात, दुसऱ्यात सापडत नाहीत. जमीन तीच, विहीर तीच, बाभळ तीच.

“पोरा,” आबा भाच्याला म्हणाले, “तुझ्या त्या रजिस्टरात आमच्या बापाचं नाव पण घाल. डावीकडं चुकीचं, उजवीकडं बरोबर.”

“आबा, ते रजिस्टर वेगळं हो.”

“किती दिवस लागतात त्यात?”

“दोन-चार दिवस. कधी आठवडा.”

“प्रतिज्ञापत्र?”

“नाही लागत.”

“साहेब कुठं बसतो?”

“साहेब एक नाही. कुणी अमेरिकेत, कुणी युरोपात.”

“मंजी जेवायच्या सुट्टीत गाठता येत नाही,” आबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा त्या लोकांबद्दल संशय उमटला.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १५५ खास याच कामासाठी आहे: लेखनातल्या चुकांची दुरुस्ती. आबांना कलम तोंडपाठ आहे. एका कचेरीत त्यांचा अर्ज आहे. अर्जात टंकलेखनाची चूक निघाल्याने तो परत आला आणि आता अर्ज दुरुस्तीचा अर्ज चालू आहे. भाच्याने यावर ‘हे रिकर्शन आहे’ असं काहीतरी म्हटलं. आबांना ते कलमच वाटलं, त्यांनी आकडा विचारला.

पण तिकडेही सगळ्याच चुका निघत नाहीत, हे ऐकून आबांना बरंच हायसं वाटलं. वेब नवं होतं तेव्हा फिलिप हॅलम-बेकर यांनी एक सोय सुचवली: कोणत्या पानावरून वाचक आपल्याकडे आला ते ब्राउझरने पुढच्या पानाला सांगावं. त्या रकान्याचं नाव ‘रेफरर’. इंग्रजीत त्यात मधे दोन आर लागतात. लिहिताना एक पडला. त्या काळच्या युनिक्समधल्या स्पेलिंग तपासणाऱ्याला म्हणे चुकीचाही शब्द ठाऊक नव्हता आणि बरोबरही. मे १९९६ मध्ये आरएफसी १९४५ हा दस्तऐवज निघाला तोवर एका आरचा शब्द इतक्या सर्व्हरांत आणि ब्राउझरांत जाऊन बसला होता की काढणं अशक्य. १९९९ च्या आरएफसी २६१६ ने तर लिहूनच टाकलं की शब्द चुकीचा आहे, पण आहे. गेल्या काही वर्षांत त्याच्याच संबंधातला ‘रेफरर पॉलिसी’ हा नवा रकाना आला, त्यात आर दोन आहेत. जुना आणि नवा शेजारी शेजारी धावतात. मानवतच्या माणसाने पीक विम्याच्या पानावरची एखादी लिंक दाबली तरी त्याच्या फोनमधून हा एका आरचा शब्द इमानाने पुढे जाऊ शकतो. म्हणजे चूक कॉमेंटमध्ये आहे तोवर तिला कुठूनही उठवता येतं. एकदा ती दोन यंत्रांमधल्या बोलीत गेली की तिचे सोयरे होतात, आणि मग तिला घराबाहेर काढायची कुणाची छाती नाही. युनिक्समध्ये नवी फाइल बनवायच्या आज्ञेचं ‘क्रिएट’ शेवटच्या ईशिवाय आहे. युनिक्स पुन्हा लिहायला मिळालं तर काय बदलाल, असं केन थॉम्पसनला विचारलं तेव्हा त्याने तो ई घालीन असं सांगितलं. त्याला अजून कुणी संधी दिलेली नाही.

आमच्या गावाचंच घ्या. रेल्वेचं स्टेशन आहे मानवत रोड. ज्या स्टेशनाच्या नावात रोड असतं तिथं गाव नसतं, ते पुढे रस्त्याने गाठायचं असतं, हे प्रवाशाला उतरल्यावर कळतं. मराठीत मानवत, आणि रेल्वेच्या इंग्रजीत शेवटी टीच्या पुढे एक एच. हा एच कुणी, कशासाठी जोडला, यावर आडतीवर चार मतं आहेत. पण तिकिटावर तो, वेळापत्रकात तो, काही सरकारी कागदांवर तो, आणि उरलेल्यांवर नाही. आमच्या छापखान्याच्या बिलबुकावर एच नाही, बँकेच्या पासबुकावर आहे. पुण्यात भाच्याला गावाचं नाव विचारतात तेव्हा तो आता स्पेलिंग सांगतच नाही. २०२४ मध्ये मानवतच्या जुन्या खुनांवरची वेब मालिका आल्यापासून नाव ऐकूनच समोरचा गप्प होतो, एचपर्यंत गोष्ट जात नाही.

चुकीने कुणाचं भलं झाल्याचं उदाहरण मात्र एकच, आणि ते मी छापखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या संगणकांत शिरून न्यूयॉर्कच्या खात्यातून पैसे पाठवायचे हुकूम सोडले. त्यातले २ कोटी डॉलर श्रीलंकेतल्या एका फाउंडेशनच्या नावे निघाले होते. चोराने ‘फाउंडेशन’चं ‘फँडेशन’ केलं. वाटेतल्या बँकेतल्या कुणाच्या तरी डोळ्याला ते खटकलं, विचारणा झाली आणि रक्कम थांबली. फिलिपीन्सला गेलेले ८ कोटी १० लाख मात्र गेले, कारण तिथली स्पेलिंगं बरोबर होती. एक मुद्रितशोधक जवळ असता तर त्या चोरांचं २ कोटींचं नुकसान टळलं असतं. ही गोष्ट ऐकून मुद्रितशोधनाचे पैसे वाढवून देणारं गिऱ्हाईक अजून भेटलेलं नाही.

दुरुस्तीच्या नावाखाली उच्छादही होतो, हे भाचाच कबूल करतो. डिजिटलओशन नावाची कंपनी दर ऑक्टोबरला चार दुरुस्त्या पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देत असे. २०२० मध्ये पहिल्या ७०,००० जणांना मिळणार होते. आपल्याकडच्या एका यूट्यूब व्हिडिओत दुरुस्ती पाठवणं किती सोपं हे दाखवलं, आणि मग जगभरच्या प्रकल्पांच्या माहितीपानावर ‘हा फार छान प्रकल्प आहे’ एवढी ओळ घालणाऱ्या दुरुस्त्यांचा पूर आला. शेवटी ज्यांना हवं त्यांच्याच प्रकल्पात भाग घ्या, असा नियम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच करावा लागला. टी-शर्टाचा कपडा कापसाचा असतो, तेव्हा कापसाच्या पेठेतल्या माणसाने त्यावर फार बोलू नये.

आणि एक गोष्ट अशी की जी वाचून मला त्या लोकांबद्दल खरोखर आदर वाटला. कर्नलच्या दस्तऐवजांच्या नियमांत लिहिलं आहे की ब्रिटिश इंग्रजी आणि अमेरिकन इंग्रजी, दोन्ही चालेल. एकाचं काढून दुसऱ्याचं घालू नका. ‘कलर’मधला यू असला तरी ठीक, नसला तरी ठीक. परभणीला पुण्याने हे लेखी कधी दिलेलं नाही. ‘करायलोय’ला ‘करतोय’ करून देणारे मुद्रितशोधक मी पाहिले आहेत. ती चूक नसते हो, ते परभणी असतं.

भाच्याच्या लग्नाचं बघणं चालू आहे. बायोडेटा आमच्याच संगणकावर झाला. ‘इतर माहिती’त त्याने ‘लिनक्स कर्नलमध्ये योगदान’ असं घातलं. मुलीकडचे सेलूचे. वडिलांनी चहा घेताना विचारलं, “योगदान मंजी नेमकं काय करतात?”

“चुका काढतो,” अक्काने कौतुकाने सांगितलं.

खोलीत शांतता पसरली. मुलीच्या आईने बशी खाली ठेवली. “घरातल्या पण?” असं त्या स्पष्ट बोलल्या नाहीत, पण ते सगळ्यांना ऐकू आलं. मुलगी जालन्याच्या एका शाळेत शिकवते. तिने मात्र सरळ विचारलं, “तुमची कुणी काढली तर?”

भाच्याने खिशातून फोन काढला आणि स्वतःचा पॅच दाखवला. विषयाच्या ओळीत व्ही३ होतं, म्हणजे दोनदा परत आलेला. पहिल्यांदा चुकीच्या घराण्याकडे पाठवला म्हणून, दुसऱ्यांदा वर्णन त्रोटक म्हणून. तिने फोन हातात घेऊन नीट वाचला. खालून वर नेला, पुन्हा खाली आणला, पेपर तपासतात तसा.

“इथं ‘कॉमेंट’ला एकच एम आहे,” ती म्हणाली.

होता. विषयाच्याच ओळीत. दोनदा परत पाठवणाऱ्या तिकडच्या जाणत्यांच्या नजरेतूनही सुटलेला. भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण मी त्याला लहानपणापासून ओळखतो. ते वाईट वाटणं नव्हतं.

२४ तासांचा नियम आहे म्हणून व्ही४ दुसऱ्या दिवशी रात्री गेला. त्यात खाली ‘सजेस्टेड-बाय’ अशी एक नवी ओळ होती. इतक्या बारीक सूचनेला खरं तर ती कुणी लावत नाही. शिवाय ज्याचं नाव घालायचं त्याची आधी परवानगी घ्यावी, असा त्यांचा नियम आहे. भाचा नियमाला पक्का. परवानगीसाठी फोन करावा लागला, आणि तो फोन बराच वेळ चालला.